मी दिसतच नाहीये!

काल संध्याकाळी धाकट्याने लपाछपी खेळायचा हट्ट धरला, राज्य अर्थातच माझ्यावर. भिंतीकडे तोंड करून दहापर्यंत आकडे मोजले, "आले रे आले" म्हणत वळले तर हा खोलीच्या मधोमध उभा, दोन्ही हात डोळ्यांवर गच्च दाबलेले, हसू दाबल्यामुळे पोट नुसतं गदगदा हलतंय, आणि उलटी घातलेल्या चड्डीचं लेबल पुढे आलेलं. मी आपली कपाट उघडून बघतेय, पलंगाखाली वाकतेय, "कुठे गेलं बाई माझं पिल्लू" चालूच. तेवढ्यात हातांच्या मागून आवाज आला, "आई, मी इकडे नाहीये, तिकडे बघ."

ताईला हे सहन होईना. ती सहा वर्षांची, म्हणजे तिच्या मते मोठीच. "अरे वेड्या, दिसतोयस तू!" तर हा शांतपणे म्हणतो, "नाही दिसत. मला तरी तू कुठे दिसतेस?"

आता याला काय उत्तर द्यायचं सांगा!

साडेतीन वर्षांच्या पोराचा हा हिशोब एकट्याचा नाहीये बरं का. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांवर पट्टी लावून विचारलं होतं, तू मला दिसतोस का, तर बहुतेक मुलं नाही म्हणाली. पण शरीर दिसतं का म्हटल्यावर बरीच जण हो म्हणाली. म्हणजे नजरेला नजर मिळाली तरच "मी" दिसलो, बाकी हातपाय दिसले तर दिसू देत. हे वाचलेलं आठवलं म्हणून मी पण विचारलं, काय रे, तुझे पाय दिसतायत का मला? "हो, पाय दिसतात. मी नाही दिसत." मला इतकं हसू आलं की उशीत तोंड खुपसावं लागलं, कारण त्याच्यासमोर हसले असते तर त्याला फार वाईट वाटलं असतं, तो अगदी मनापासून लपलेला होता.

आजीचा फोन आला की हेच. ती विचारते "झोप झाली का रे राजा", हा जोरजोरात मान हलवतो. आजी परत विचारते, हा परत मान हलवतो, मग वैतागून माझ्याकडे बघतो, आजीला कळत कसं नाही!

आणि याचं बोलणं! दिवसभर माझ्याजवळ असतो त्यामुळे "मी जाते, मी येते" असंच बोलतो. "मी केलं" नाही, "मी करलं". पण नीट बघितलं तर बस-बसलं, पड-पडलं, तसं कर-करलं, त्याने नियम बरोब्बर पकडलाय, आपलं "केलं"च नियमाबाहेरचं. मी मुद्दाम सुधारत नाही, होईल आपोआप. खरं सांगायचं तर ते "करलं" मला अजून थोडे दिवस ऐकायचंय.

पाण्यावरून मात्र रोज भांडण. दोघांच्या पेल्यांत सारखंच पाणी, पण ताईचा पेला उंच आणि बारीक म्हणून तिला जास्त, असं याचं ठाम मत. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांसमोर असंच एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतून दाखवलं होतं, साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलांना उंची वाढली की पाणीच वाढलं असं वाटतं. स्वतःच्या तिन्ही मुलांना तर तो तान्हेपणापासून बघून टिपणं काढायचा. त्याच्या घरीही धमाल असणार. आमच्याकडे ताईने यावर उपाय शोधलाय. गुपचूप त्याच्या पेल्यातलं पाणी अजून बारीक पेल्यात ओतते आणि म्हणते, "घे, तुला वाढवून दिलं." हा एकदम खूश! आणि ती माझ्याकडे बघून डोळा मारायला जाते, पण तिला एक डोळा मिटताच येत नाही, दोन्ही मिटतात.

आत्ता हे लिहितेय तर मागे पलंगावर पांघरुणाचा ढीग हलतोय, खालून पाच बोटं बाहेर. "आई, आज मी खूप कठीण जागी लपलेय. पायाला हात लावू नको हं, मग तुला कळेल."