विती, पट्ट्या आणि उलटं बी

दुसरीच्या वर्गाचा हा आठवडा सगळ्यात जास्त गाजवला तो मोजमापानं. टेबल वितीनं मोजायला सांगितलं. कोणाच्या आठ विती भरल्या, कोणाच्या नऊ, आणि माझ्या सहाच! "बाई, तुम्ही चुकलात," सगळे एका सुरात. मी गप्प. जरा वेळानं मागच्या बाकावरून आवाज आला, "बाईंचा हात मोठा आहे ना, म्हणून कमी वेळा बसतो." झालं, माझा पाठ तिथेच संपला.

मग पट्ट्या वाटल्या. तरी उत्तरं वेगवेगळीच! निम्म्या वर्गानं शून्याऐवजी १ च्या खुणेपासून मोजलेलं. या एका गोष्टीला अख्खा तास द्यावा लागतो आणि तो द्यावाच, अभ्यासक्रम मागे पडला तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

बरणीत ओल्या टिपकागदाला चिकटवून ठेवलेल्या घेवड्याच्या बियांना मोड आले. आधी मूळ, कोंब नंतर. एकीनं मुद्दाम बी उलटं लावलं होतं, तरी मूळ वळसा घेऊन खालीच गेलं. "अंधारातसुद्धा त्याला खाली कुठे ते कसं कळतं?" या प्रश्नावर उत्तर न देता बरणीच आडवी करून ठेवली आहे. सोमवारी बघू म्हटलं, मूळ पुन्हा वळतं का ते.

चित्रकला, गाणी नेहमीसारखीच. नाटुकल्यात मात्र झाड व्हायला सगळे तयार, राजा व्हायला कोणीच नाही. राजाला संवाद पाठ करावे लागतात ना!