गुंडू माळ्यावर गेला तेव्हा

गिरगावातल्या चाळीत काका-काकूंच्या दोन खोल्या, ऑक्टोबरची दुपार, खिडक्या बंद आणि पंखाही बंद. पक्षी मोकळा सोडायचा तर छताचा पंखा बंद हवाच. त्याचा फटका बसलेले पक्षी दवाखान्यात येतात, त्यातले फार थोडे मला वाचवता आले.

शेजारी गुंडूला पोपट म्हणतात. आपल्याकडचा पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. हा कॉकटील, पोपटाच्याच कुळातला तुरेवाला पक्षी, मूळ ऑस्ट्रेलियातला, वजन 88 ग्रॅम. विकणाऱ्याने त्याचा एकाच बाजूचा पंख कातरला होता. असं काम मला बघवत नाही. दोन्ही बाजू सारख्या कापल्या तर पक्षी निदान तरंगत खाली येतो, एकच कापली की गरगरत छातीवर आपटतो. कापलेलं पीस वाढत नाही, ते गळून नवीन यावं लागतं. तशी सगळी आली, तरी गुंडू पिंजऱ्याच्या दारातून हलेना, इतकी धास्ती बसलेली.

मग उडायचे धडे सुरू केले: खुर्चीच्या पाठीवरून हातावर, आधी वीतभर. राळ्याचं कणीस दाखवायचं, नाही आला तर अंतर कमी करायचं. चोच उघडून धापा टाकायला लागला की बास. पक्षी हवेत फेकून 'शिकवणाऱ्यांची' मला मनस्वी चीड आहे. काकूंनी महिनाभर नेमाने केलं आणि गुंडू दारापासून कपाटापर्यंत जायला लागला.

त्या दुपारी शेजारी कुकरची शिट्टी झाली. गुंडू दचकून उडाला तो थेट माळ्यावर, घंगाळाच्या काठावर. वर जाणं सोपं असतं. उतरताना वेग तोडायचा, शेपटी पसरायची, पाय पुढे काढायचे. तेच मी शिकवलं नव्हतं, सगळे धडे एकाच उंचीवर घेतले. चूक माझी.

काका केरसुणी घेऊन आले. "डॉक्टर, हुसकतो, येईल."

"नको काका. आत्ता पडला तर परत उडणार नाही."

कपाटावर चादर टाकली, खाली स्टूल ठेवलं आणि थांबलो. पाऊण तास. उकाड्यात त्याची छाती धडधडताना दिसत होती. शिडी लावून उतरवायला हवा होता का, हे मला अजून ठरवता येत नाही.

शेवटी काकू रोजच्यासारख्या तांदूळ निवडायला बसल्या. सुपातला आवाज ऐकून गुंडूचा तुरा उभा राहिला. दोनदा पंख उघडून मिटले. मग कपाट, मग स्टूल, मग सुपाचा काठ. पाय घसरला, तांदूळ सांडले. काकूंच्या चष्म्यावर घाम ओघळत होता, पण त्यांनी सूप हलू दिलं नाही.