दिवाडीत भाजी-पाव साडेनवाला संपतो

पुण्याहून मावसबहिणीचा फोन आला, आम्ही शनिवारी येतोय, आणि या वेळी बीचबिच अजिबात नको, तू रोज शाळेला जातेस ना त्या बेटावर, तिथं ने आम्हाला, आणि हे बघ, टुरिस्टवालं काही नको हं, जिथं लोकल लोक खातात तिथंच खायचं. मी म्हटलं ताई, सातच्या फेरीला ये. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

मी मूळची वाळपईची, राहते रायबंदरला, आणि गेली सहा वर्षं दिवाडीच्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. दिवाडी म्हणजे मांडवीच्या दोन फाट्यांच्या मधलं बेट, पूल नाही, जायचं तर फेरीबोट, एक जुन्या गोव्याहून, एक रायबंदरच्या बाजूने आणि एक पलीकडे नार्व्याहून. चालत्या माणसाला तिकीट नाही. पाच-सात मिनिटांचं पाणी, पण ती पाच-सात मिनिटं तिथल्या माणसांचं सगळं ठरवतात, झोप, नोकरी, लग्नाचा मुहूर्त आणि हो, खाणंसुद्धा. सहा वर्षं त्या बेटावर खाऊन मला एवढंच कळलंय की इथं कुठं खायचं असं विचारून काही हाती लागत नाही, किती वाजता ते विचारावं लागतं.

कसं ते सांगते. सकाळी अर्धं बेट पणजीला जायला निघतं, सरकारी नोकरीवाले, दुकानातल्या मुली, कॉलेजची पोरं, सगळे. घरी चहा झालेला असतो पण पोटात काही नसतं, मग फेरी धक्क्याकडे जाता जाता तिंट्यावरच्या, म्हणजे गावच्या चौकातल्या, हॉटेलात शिरायचं. हॉटेल म्हणजे आपलं गोव्याचं हॉटेल, लॉज नव्हे, पाटीसुद्धा नाही, सनमायका उडालेली चार टेबलं, भिंतीवर बँकेचं कॅलेंडर आणि देवाच्या फोटोपुढे कालचं अबोलीचं फूल. मी साडेसातला पोचते, शाळा आठची. बसायच्या आधीच मालक विचारतो, "टीचर, मिक्स मगो?" आणि मी मान हलवते.

मिक्स म्हणजे काय हे पुणेकरांना समजावणं अवघड आहे. पातळ भाजी वेगळी, सुकी भाजी वेगळी. पातळ म्हणजे पांढरे वाटाणे, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, त्यात जरा गरम मसाला. सुकी म्हणजे पिवळी बटाट्याची, मोहरी आणि हिरवी मिरची. मिक्स मागितलं की प्लेटमध्ये आधी पातळ ओततात आणि मधोमध सुकीचा एक गोळा सोडतात, बेटासारखाच. मी आधी कडेकडेनं पातळ संपवते, गोळ्याला हात लावत नाही, मग शेवटच्या पावाच्या तुकड्याने तो गोळा मोडून सगळं एक करते. तो शेवटचा घास, त्यात मोहरीचा एखादा दाणा दाताखाली येतो, त्याच्यासाठी मी पाऊस असो काही असो ती सातची फेरी धरते. बाजूला एक मिरची, म्हणजे भजी. सोमवारी वाटाण्यांऐवजी कधी अळसांद्याचं तोणाक, म्हणजे चवळीची रस्साभाजी, असते, केळं घातलेले गोडसर बन्स असतात, ते मी मुलाला डब्यात बांधून नेते.

आणि पाव. मुंबईच्या लादी पावाशी याची तुलना करू नये, तो बिचारा रस्सा दिसला की विरघळतो. इथला पाव पोदेर, म्हणजे पाववाला, आणतो, सायकलच्या मागे मोठी टोपली, वर प्लॅस्टिक, आणि तो पॉंपॉं हॉर्न, झोपलेला माणूस पण ओळखेल असा. पाव हा शब्द पोर्तुगीज, पोदेर पण पोर्तुगीजच, बेकरीत भट्टी मात्र लाकडाची, निदान जिथं अजून टिकलीय तिथं. बाहेरून कडक उंडो, फुलपाखरासारखा कापलेला कातरो, कोंड्याची पोई, आणि बांगडीसारखं कांकण जे चहात बुडवल्याशिवाय दात लागत नाही. हॉटेलवाल्याकडे मोजून पाव येतात आणि खरी मेख तीच आहे. पाव संपला की भाजी असून उपयोग नाही, पाव उरला आणि भाजी संपली तरी उपयोग नाही, त्यामुळे मालकाची बायको रात्री जेवढे वाटाणे भिजत घालते तेवढ्याचाच तो पोदेराला आकडा सांगतो. दोन्ही एकदम संपायला हवं. साडेनवाला संपतं. खोबऱ्याची भाजी या उकाड्यात दुपारपर्यंत ठेवून चालत नाही, आणि ठेवायची कोणासाठी, खाणारे सगळे पणजीत पोचलेले असतात. ते तिकडे कॅफे भोसलेत बसून दुसऱ्यांदा भाजी-पाव खातात म्हणा, गोंयकाराचा काही नेम नाही.

पणजीत हेच खाणं दिवसभर मिळतं, खोटं कशाला बोला. पण तिथं माणसं येत राहतात. बेट सकाळी रिकामं होतं आणि संध्याकाळी भरतं, भरती-ओहोटीसारखं, आणि हॉटेलं त्याप्रमाणे उघडतात-मिटतात.

मधल्या वेळात जे बेटावर उरतात, म्हणजे म्हातारी माणसं, शेतात काम करणारे, आम्ही टीचर लोक, ते बाहेर खातच नाहीत. दहा-साडेदहाला पेज. खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीच्या, बांधावर काम करणारी माणसं अजून पेजेवर असतात, उकड्या तांदळाची, कोणाकडे कोरगुटाची पण असते, हे खाऱ्या पाण्याला न घाबरणारं भात, खाजनातच पिकतं. सोबत कैरीचं मिस्कूट, म्हणजे लोणचं, किंवा सुक्या बांगड्याची किस्मूर, कोशिंबिरीसारखी. आमच्या शाळेत माध्यान्ह आहार येतो, बचत गटाच्या बायका करतात, आणि काही वारी त्यातसुद्धा भाजी-पावच असतो. पोरं न कुरकुरता खातात, फक्त एक आहे चौथीतलं, ते रोज सांगतं की टीचर, आमच्या शेणैच्या हॉटेलातली भाजी यापेक्षा तिखट. शेणै कोण ते मला अजून कळलेलं नाही, मालकाचं आडनाव वेगळंच आहे.

दुपारी घरोघर शीत-कडी. नुस्तें, म्हणजे मासळी, असली तर हुमण, म्हणजे माशाची आमटी, नसली तर भाज्यांचं खतखतं नाहीतर नुसती सोलकढी. बेटावरचं नुस्तें पण ऋतूवर. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरांना समुद्रबंदी, ६१ दिवस, तेव्हा पणजीच्या बाजारात भाव ऐकून घाम येतो, पण दिवाडीवाले तेवढे हवालदिल होत नाहीत कारण त्यांच्याकडे मानशी आहेत, म्हणजे खाजनाच्या पाण्याची दारं. ओहोटीला तिथं जाळं लावलं की शेवटो, काळुंदर असले मासे, सुंगटां म्हणजे कोळंबी, कुर्ल्यो म्हणजे खेकडे, नशीब असेल तर मोठा चोणाक. शिवाय पावसाआधी पुरुमेंत भरून ठेवलेलं असतं, सुका बांगडा, सोलं, मिरच्या. आणि वार पाळायचे ते वेगळेच. सोमवारी हिंदू घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी क्रिस्तांव घरात मास नाही, त्यामुळे त्या दिवसांत तिंट्यावरच्या हॉटेलात मिक्स नऊलाच संपते.

तावेर्नांबद्दल, म्हणजे गावच्या दारूच्या गुत्त्यांबद्दल, मी अधिकाराने बोलू शकत नाही. आमच्या शाळेतले एक सर सांगतात की बेटावरचं खरं खाणं तिथंच, ग्लासाबरोबर ताटलीत तळलेलं काळुंदर देतात, किंवा चोरिस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, घातलेला पाव. मी दारातून वास तेवढा घेतलाय. बायकांनी आत जायचं नाही असा नियम कुठं लिहिलेला नाही, पण टीचर तिथं दिसली तर संध्याकाळच्या आत बातमी तिन्ही धक्क्यांवरून बाहेर पोचेल.

तर शनिवार. ताई, भावोजी आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा पावणेबाराला आले. शनिवारी आमची शाळा लवकर सुटते म्हणून मी धक्क्यावर उभी होते, उन्हात, आणि ते फेरीतून हसत उतरले, भावोजींच्या गळ्यात कॅमेरा. म्हणाले, चला, कुठं आहे ते तुझं हॉटेल. मी नेलं. शटर अर्धं खाली, मालक बाहेरच्या नळावर पातेलं घासत होता. भावोजींनी वाकून आत बघितलं. पातेल्याच्या तळाशी पातळ भाजीचा पिवळा कडा तेवढा राहिला होता आणि तोसुद्धा आमच्या डोळ्यांदेखत धुऊन गेला. मालक म्हणाला, "सोंपलें, सकाळीं येवंक जाय." ताईने माझ्याकडे असं बघितलं जसं मीच खाऊन टाकलं.

मग मी त्यांना पिएदादच्या टेकडीवर नेलं, तिथं चर्च आहे, वरून नदी आणि खाजनं सगळं दिसतं. भावोजींना मी सप्तकोटेश्वराची गोष्ट सांगितली, देऊळ मूळ इथलं, पोर्तुगीजांनी पाडलं, लोकांनी लिंग नदीपार नार्व्याला नेलं आणि तिथलं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नव्याने बांधायला लावलं. महाराजांचं नाव आलं तसे ते जरा खूश झाले, पण पाचच मिनिटं, मग परत म्हणाले, भूक लागलीय.

आता दुपारी एकला बेटावर काय उघडं असतं, तर बार अँड रेस्टॉरंट. मोठा बोर्ड, फिश थाळीचा फोटो, बाहेर बाहेरगावच्या दोन गाड्या. ताई म्हणाली, हे टुरिस्टवालं आहे. मी म्हटलं, आता जे आहे ते हेच. आत गेलो, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर कोण बसलेलं तर आमचा भाजी-पाववाला मालक, अंघोळ करून, भांग पाडून, बायको आणि मुलगी सोबत, समोर तीन फिश थाळ्या. मला बघून तो थोडा लाजला. म्हणाला, "कितें करप टीचर, ती सकाळीं चार वरांचेर उठता, आतां परत घरा रांदची?" त्याच्या बायकोने मान वर केली नाही, ती मन लावून तिसऱ्यांचं सुकं खात होती. दर शनिवारी येतात म्हणे.

भावोजींनी लगेच हळूच विचारलं, म्हणजे हे लोकलच ना? मी काय बोलणार. थाळी चांगली होती, सोलकढी तर खूपच चांगली, कोकमाचा रंग खरा होता. हुमणात चिंच जरा जास्त पडलेली, पण भाचा तीन वेळा भात मागून जेवला, त्यामुळे ते मी मनातच ठेवलं.

संध्याकाळची गोष्ट वेगळी. साडेसहाला पणजीहून फेऱ्या भरून यायला लागतात, बाइकचे इंजिन उतरायच्या आधीच सुरू, रॅम्प टेकला की सगळे एकदम सुटतात, आणि धक्क्याजवळ गाड्यावर स्टोव्ह पेटतो. रोस ऑमलेट. दोन अंड्यांचं ऑमलेट, त्यावर शागुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या मसालेदार चिकनचा, रस्सा डावाने ओतायचा, तुम्ही थांबा म्हणेपर्यंत, वर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू, आणि संध्याकाळच्या पोदेराचा गरम पाव. रश्श्यात चिकनचा एखादा तुकडा लपून आला तर तुमचं नशीब, मागायचा नाही. बसायला जागा नाही, लोक बाइकच्या सीटवर प्लेट ठेवून खातात, हेल्मेट हाताच्या कोपरात. शर्टाला बँकेचं आयकार्ड लटकवलेला एक माणूस तर फेरीतून उतरून थेट रांगेत आला, पाच मिनिटांत खाऊन, तोंड पुसून घरी जेवायला गेला. बायकोला सांगणार नाही, पण तिलाही माहीत असणार, रस्स्याचा वास शर्टाला लागतोच.

ताईने दोन खाल्ली. खाता खाता ती म्हणाली, यात भाजलेलं खोबरं आहे ना, खसखस पण आहे, आणि डोळे मिटून अजून काहीतरी ओळखायचा प्रयत्न करत होती, तेवढ्यात गाड्यावाला ओरडला "फेरी वता गो!" आणि आम्ही प्लेटा तिथंच ठेवून पळालो. भावोजी पाव हातात घेऊन रॅम्पवर चढले, त्यातून रस्सा गळत होता, कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर, बुटांवर. फेरीतली बाई सरकून जागा देत म्हणाली, खा रे आधी, ही काय विमान आहे?

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंडेरां, म्हणजे बेटावरचा बावट्यांचा उत्सव, असतो, तेव्हा या म्हणून मी त्यांना सांगितलं होतं, पण खरं म्हणजे त्या दिवशी येऊ नका. बावटे, मिरवणूक, बांबूच्या फोटाशी म्हणजे खेळण्यातल्या बंदुका, सगळं छान असतं, पण फेरीची रांग बघून जीव जातो आणि मिक्सचं तर नावच काढू नका, त्या दिवशी गाड्यांवर नूडल्स जास्त.

आणि सोमवारी माझंच काय झालं ऐका. पाहुणे रविवारी रात्री गेले, मी उशिरा झोपले, सकाळी सातची फेरी चुकली. पुढच्या फेरीने आले ती धावत शाळेत. सुट्टीत साडेदहाला तिंट्यावर गेले, अर्थातच शटर अर्धं खाली. मालक पातेलं घासत होता. त्याने काही न बोलता कागदात गुंडाळलेला एक बन पुढे केला.

"मिक्स?" मी उगाच विचारलं.

"टीचर," तो म्हणाला, "तुमीच पुण्याक रावतात काय?"