प्रॉम्प्टरची जागा
(माजी विद्यार्थी, दहावी १९९४)

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी एडिटिंगला बसलो होतो. "तू सिनेमे काढून राहिला, तर पोरांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी लिहून पाठव," एवढं सांगून आमच्याच बॅचच्या मित्राने फोन ठेवला. आता प्रेरणेच्या बाबतीत माझी शिल्लक फारशी नाही. तीन सिनेमे केले, त्यातला एकच थिएटरात लागला, तोही सकाळच्या खेळाला, आणि आठवड्यात उतरला. म्हणून मी आपला १९९३ च्या गॅदरिंगबद्दलच लिहितो.

त्या वर्षी मराठीच्या बाईंनी आग्र्याच्या दरबाराचा प्रवेश बसवला होता. मला सरदार व्हायचं होतं. पण उंची बेताची, आवाज फुटायला आलेला, आणि तोंडात नागपूर. 'करतो आहे' म्हणायला उभं केलं की 'करून राहिलो' निघायचं. बाईंनी तीनदा सुधारलं, चौथ्यांदा हातात दोनशे पानी वही दिली आणि विंगेत बसवलं. प्रॉम्प्टर! म्हणजे नट वाक्य विसरला की हळूच सांगणारा.

विंग म्हणजे मंडपवाल्याचा निळा पडदा, बांबूला बांधलेला, जमिनीपासून वीतभर वर. तिथून नाटक दिसत नाही. नटांचे कान दिसतात, मानेवरून ओघळणारा रंग दिसतो. प्रेक्षकांकडे तोंड करून गरजणारा सरदार आमच्याकडे वळला की दहावीतला घाबरलेला पोट्टा होतो. मी ते बघत बसलो आणि माझं पान चुकलं. नेमका तेव्हाच औरंगजेब वाक्य विसरला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वही चाळतोय. तीन सेकंद, चार सेकंद. शेवटी त्याने सुटत आलेली दाढी एका हाताने दाबून धरली आणि वजिराकडे झुकून विचारलं, "काय होतं बे?"

माइक बरोब्बर डोक्यावर टांगलेला. सभागृहाने छप्पर डोक्यावर घेतलं. नंतर बाईंनी माझा कान धरला. "लक्ष वहीत हवं की नको? त्याच्या तोंडाकडे काय बघत बसला होतास?"

खरं सांगतो, त्या अख्ख्या पाऊण तासात मला आवडलेलं तेवढंच होतं. पाठ केलेलं संपलं तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी घडलं.

शाळेनंतरचं थोडक्यात सांगतो. घर नागपूरच्या महाल भागात. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला. जमशेदजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल आमच्या डोळ्यांदेखत बंद पडली, आणि तिच्या भोंग्यावर उठणारं आमचं घर पुढे कितीतरी दिवस उशिरा उठायचं. मी लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे लागलो. काम काय, तर हॅलोजन धरून वायर ओढत नवरीच्या मागे फिरायचं. पण लग्नात कुणी 'पुन्हा करा' ऐकत नाही. अक्षता एकदाच पडतात. तुमचा कॅमेरा तेव्हा आचाऱ्याकडे वळलेला असेल तर गेलं. सगळे स्टेजकडे बघत असताना नवरीचा बाप मागच्या खुर्चीत बसून पाकिटातले पैसे मोजतो, ही माझी खरी फिल्म इन्स्टिट्यूट.

दुसरी, म्हणजे पुण्याची, नंतर पाहिली. महिनाभराचा फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स केला. तिथे सुब्रत मित्रांबद्दल कळलं. सत्यजित राय यांच्या पहिल्या सिनेमाचं छायाचित्रण केलं तेव्हा पोरगा एकविशीतला, त्याआधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेलाच नाही. पुढच्या सिनेमात स्टुडिओत उभारलेल्या वाड्याच्या अंगणात आभाळातून झिरपल्यासारखा उजेड हवा होता, म्हणून त्यांनी पांढरं कापड ताणून त्यावर दिवे मारले आणि परतून येणारा उजेड वापरला. मी नागपूरला आलो आणि आजोबांची धोतरं बाहेर काढली. अजून तीच वापरतो, एकाला मध्ये ठिगळ आहे.

आता माझी कामाची पद्धत. मी नटांना संवाद देत नाही. प्रसंग सांगतो, कुणाला काय हवंय ते सांगतो आणि बाजूला बसतो. पहिला टेक बहुधा वाया जातो, कारण प्रत्येकाने मनात काहीतरी पाठ करून आणलेलं असतं. ते संपेपर्यंत कॅमेरा चालू ठेवायचा. पूर्वी रीळ होतं तेव्हा हे परवडलं नसतं. सोळा मिलिमीटरचा चारशे फुटी डबा जेमतेम अकरा मिनिटं चालायचा. माझा पहिला लघुपट भाड्याच्या फाइव्ह डी मार्क टू वर झाला. फोटोचा कॅमेरा तो, पण कार्ड पुसून पुन्हा वापरता येत होतं. माझ्यासारख्यांची सोय २००८ साली त्या कॅमेऱ्याने केली.

आवाज मात्र जागेवरच घेतो, नंतर डबिंग नाही. यात अडचण एकच: मे महिना. मला गोष्ट उन्हाळ्यातलीच हवी होती, आणि पंचेचाळीस अंशात नागपूरचं प्रत्येक घर कूलरवर जगतं. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वुडवूल म्हणजे लाकडाचा कीस, आत पाण्याचा पंप, आणि आवाज ट्रॅक्टरचा. मग एक पोरगा गल्लीभर ओरडत धावायचा, "कूलर बंद!" चार मिनिटं सगळ्यांनी घामात बसायचं. पहिल्या दिवशी शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवसापासून लोक ओट्यावर येऊन बसू लागले. त्यातल्याच एक काकू, कॉटन मार्केटातून भाजी आणून विकणाऱ्या. त्यांना घेतलं. मुलगा घर सोडून जातो त्या प्रसंगात मी म्हणालो, "काकू, इथे रडू आलं तर रडा." त्या म्हणाल्या, "मले रडाले वेळ हाये का बापू? भाजी सुकून राहिली ना!" आणि ओट्यावर बसून पालकाच्या जुड्यांवर पाणी मारत राहिल्या. तोच शॉट सिनेमात आहे.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या, एका नटासोबत उलटं झालं. तिकडे धानाची कापणी झाली की गडचिरोलीतलं वडसा आणि आसपासच्या गावांतून रात्रभर नाटकं चालतात. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत आवाज पोचवायची त्यांची सवय. नटाच्या डोक्यावर काठीने धरलेला आमचा बूम माइक घाबरायचा. शेवटी त्यांचा प्रयोग पहाटे संपला की तसंच गाडीत घालून आणायचो आणि शूटिंग करायचो. थकलेला माणूस मोठ्याने बोलत नाही.

कलादिग्दर्शन नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे शेवटी जाळायचे पुतळे, बनवणाऱ्या एका काकांचं. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इतवारीत जाऊन बघा, बांबू, कागद आणि चालू राजकारण यांतून एका रात्रीत काय उभं राहतं! त्यांना मी बजेट सांगितलं तर हसले. म्हणाले, एवढ्यात दोन बडगे होतील, घर कसं होईल? पण केलं.

भाषेचं राहिलंच. मिक्सिंगच्या वेळी पुण्यात एकाने मला गंभीरपणे सुचवलं, "खाली मराठी सबटायटल्स टाकायची का?" मराठी सिनेमाला! मी काही बोललो नाही. बाई आठवल्या. बाईंवर राग नाही, त्यांनी मला विंगेत बसवलं नसतं तर मी वाईट सरदार होऊन संपलो असतो. पण 'करून राहिलो' म्हणणारा एक तरी सरदार त्या दरबारात चालला असता, असं मला अजून वाटतं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या परवानगीने सभागृहात एक प्रसंग चित्रित केला. आम्ही प्रत्येक जागेवर निघण्याआधी अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करतो. तिला रूम टोन म्हणतात, एडिटिंगमध्ये सांधे झाकायला लागते. सभागृहाच्या त्या अर्ध्या मिनिटात पारव्यांचे पंख आहेत, शिपाईकाकांचा खोकला आहे आणि लांबून बडकस चौकाकडचे हॉर्न आहेत. काढायला हवं होतं, ठेवलं.

एक विनंती. १९९३ च्या गॅदरिंगचे फोटो कुणाकडे असतील तर शाळेकडे द्यावेत. दरबाराच्या फोटोत डावीकडे निळ्या पडद्याखाली दोन चपला दिसतील, एकीचा अंगठा तुटलेला. त्या माझ्या.