थवा बसलेलाच बरा

हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावला किंवा डिकसळला गेलात, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "दादा, थवा जरा उडवा की!" समोर उथळ पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) माना खाली घालून चरत असतात. पण पंख उघडल्याशिवाय आतला गुलाबी-काळा रंग दिसत नाही आणि मांडीवर एवढी मोठी लेन्स घेऊन बसलेल्यांना तोच हवा असतो. नावाडी भाडं बघतो, नाव थोडी पुढे काढतो. थवा उडतो. मग मागच्या रविवारी आलेल्यांना मिळाला तोच फोटो या रविवारी आलेल्यांनाही मिळतो.

आमचा पंथ काठावर बसणाऱ्यांचा. ट्रायपॉड, त्यावर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, आणि स्कोपच्या आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, अ‍ॅडॅप्टरने अडकवलेला फोन. याला डिजिस्कोपिंग म्हणतात. १९९९ साली मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी निकॉनचा 'कूलपिक्स ९५०' हा छोटासा डिजिटल कॅमेरा आपल्या स्कोपला लावून पाहिला आणि हे वेड जगभर पसरलं. त्या कॅमेऱ्याची लेन्स झूम करताना बाहेर यायची नाही, सगळी हालचाल आतल्या आत. म्हणून तो आयपीसला चिकटून राहू शकला. होता जेमतेम दोन मेगापिक्सेलचा. आज त्याहून बरा कॅमेरा कुणाच्याही खिशात सापडेल.

हिशोब सोपा आहे. फोनची मुख्य लेन्स साधारण २६ मिमीची धरली आणि स्कोप ३० पटीवर ठेवला, तर दोन्हींचा गुणाकार ७८० मिमी. एवढ्या ताकदीची खरी लेन्स घ्यायची तर घरात आधी बैठक बोलवावी लागेल. फुकट मात्र काही मिळत नाही. ८० मिमी तोंडाच्या स्कोपमधून २० पटीवर बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ४ मिमी रुंद असतो, ६० पटीवर तो सव्वा मिमीच्या आसपास येतो. म्हणजे पक्षी जवळ आणावा तसा अंधार वाढत जातो. त्यात फोन केसभर जरी सरकला तरी चित्राच्या एका कडेला काळी चंद्रकोर उगवते. बोटाने बटण दाबलं तर सगळं धरण हलतं, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. आणि नेमकं त्या दोन सेकंदांत पक्ष्याला पाठ खाजवायची आठवण होते.

हे सगळं परवडलं, पण ऊन नको. सकाळची कोवळी वेळ टळली की पाण्यावरची हवा हलायला लागते आणि लांबचा पट्टकादंब हा हंसासारखा पाहुणा पक्षी ओल्या कागदावर काढल्यासारखा दिसतो. त्याला कुठलाही अ‍ॅडॅप्टर पुरा पडत नाही. तेव्हा स्कोप मिटावा आणि कुंभारगावात मासळीचं जेवण सांगावं.

या फोटोंना आमच्यात 'रेकॉर्ड शॉट' म्हणतात. म्हणजे फोटो म्हणून बेताचा, पुरावा म्हणून चोख. कॅलेंडरवर तो कुणी छापणार नाही. पण बीएनएचएससारख्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) संस्था पक्ष्यांच्या पायात कड्या घालतात, त्यांवरचा क्रमांक पक्ष्याला पुन्हा न पकडता लांबून टिपता येतो. आणि मला जास्त भावतं ते हे की या फोटोंतला पक्षी स्वतःच्या कामात असतो. चिखलात चोच खुपसतो, शेजाऱ्यावर डाफरतो, एका पायावर डुलकी काढतो. कुणीतरी आपल्याकडे पाहतंय, याची त्याला गंधवार्ता नसते.

एक गोष्ट मात्र खटकते. नुसता स्कोप असला की काठावर आपोआप रांग लागायची. शेळ्या घेऊन आलेली पोरं एक डोळा मिटून वाकायची, "आयला, त्याचा डोळा दिसतोय!" म्हणून ओरडायची. आता सगळे फोनचा पडदा बघतात आणि पडद्यावर तर ती रोज काय काय बघतच असतात. म्हणून पोरं आली की मी फोन काढून ठेवतो. एखादा फोटो जातो. जाऊ दे.

सध्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात माझ्या एका फोटोवरून जुंपली आहे. पक्षी टिलवा, म्हणजे चिखलात चरणारा चिमुकला पाणपक्षी आहे, इथपर्यंत एकमत. छोटा टिलवा म्हणावा तर पाय काळे हवेत, टेमिंकचा म्हणावा तर पिवळट. आणि पाय आहेत घोट्याच्या वरपर्यंत चिखलात. उडाला असता तर शेपटीच्या कडेची पांढरी पिसं दिसून निकाल लागला असता, हे एका लेन्सवाल्या मित्राने खवचटपणे सुनावलंही. ते खरंच आहे, नाइलाज आहे. पण छातीवर मातकट पट्टा सलग आहे आणि पाठीवर काही नक्षी नाही. मी टेमिंकवर ठाम आहे.