जुन्या मित्राला पाठवायचा राहून गेलेला संदेश

संपर्क तुटलेला एखादा जुना मित्र किंवा मैत्रीण आहे का, असे विचारले तर दहांपैकी नऊहून अधिक जण होकार देतात. यात नवल काहीच नाही. नवल आहे ते पुढच्या आकड्यात. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या लारा ॲक्निन आणि इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या जिलियन सँडस्ट्रॉम या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०२४ साली ‘कम्युनिकेशन्स सायकॉलॉजी’ या नियतकालिकात सात अभ्यासांवर आधारलेला एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील दोन अभ्यासांत सहभागी व्यक्तींना असा मित्र आठवायला सांगितला, की ज्याच्याशी पुन्हा बोलावे असे त्यांना मनापासून वाटते, आपला संदेश ज्याला आवडेल असाही त्यांचा विश्वास आहे आणि ज्याचा फोन नंबर वा ईमेल त्यांच्यापाशी आहे. मग त्यांना तिथेच संदेश लिहायला वेळ दिला आणि लिहून झाल्यावर तो पाठवायलाही वेळ दिला. तरीही एक-तृतीयांशाहून कमी लोकांनी तो पाठवला.

मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या रचनेमुळे. मैत्री का सुटली याची आपण एरवी जी कारणे देतो, म्हणजे वेळच मिळत नाही, नंबर बदलला असेल, त्याला आता आपली आठवण असेल की नाही कोण जाणे, ती सगळी इथे संशोधकांनी एकेक करून बाजूला काढली होती. इच्छा होती, वेळ होता, नंबर होता, समोरच्याला आनंद होईल असा अंदाजही होता आणि मजकूर तर लिहून तयार होता. शिल्लक राहिली होती ती केवळ बोटाने बटण दाबण्याची क्रिया. अडचण परिस्थितीत नसून त्या शेवटच्या क्षणात आहे, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा प्रयोग माझ्या वाचनात दुसरा नाही.

हे असे का होत असावे? संशोधकांचे उत्तर थोडे बोचरे आहे: दीर्घकाळ न भेटलेला मित्र आपल्याला अनोळखी माणसासारखा वाटू लागतो. एका अभ्यासात जुन्या मित्राला संदेश पाठवण्याची तयारी ही एखाद्या परक्या माणसाशी स्वतःहून बोलायला जाण्याच्या तयारीपेक्षा जास्त भरली नाही. दुसऱ्या अभ्यासात जो मित्र जितका अधिक परका वाटत होता, तितकी त्याच्याशी संपर्क साधण्याची इच्छा कमी आढळली. ज्याच्याबरोबर एका बाकावर बसून वर्षे काढली, ज्याच्या घरच्या फोडणीचा वास आजही आठवतो, तो आपल्या मनाच्या हिशेबात बसथांब्यावरच्या कुणा प्रवाशाच्या शेजारी जाऊन बसलेला असतो, ही गोष्ट पटकन मान्य होत नाही. पण लिहिलेला संदेश तसाच ठेवून देताना आपल्याला जे वाटते ते दुःख किंवा राग नसून चक्क संकोच असतो, हे आठवले की हे उत्तर पटू लागते.

सँडस्ट्रॉम या निष्कर्षापर्यंत पोचल्या त्यामागे त्यांच्या आधीच्या कामाची पार्श्वभूमी आहे. परक्या आणि अर्धवट ओळखीच्या माणसांशी होणाऱ्या किरकोळ बोलण्याचा आपल्या मनःस्थितीवर काय परिणाम होतो, हा त्यांचा जुना विषय. टोरांटोत शिकत असताना रोजच्या वाटेवर हॉट डॉग विकणाऱ्या एका बाईंशी त्यांची केवळ हसण्याची आणि हात हलवण्याची ओळख होती आणि तेवढ्यानेही आपण या शहराचे आहोत असे वाटायचे, ही आठवण त्या अनेकदा सांगतात. (रोजची ठरलेली लोकल पकडणाऱ्या मुंबईकराला यात काही नवीन वाटणार नाही.) पुढे त्यांनी एरिका बूथबी आणि गस कूनी यांच्यासह २०२२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, ज्यात सहभागी व्यक्तींनी आठवडाभर खेळाच्या स्वरूपात रोज अनोळखी लोकांशी बोलायचे होते. आठवड्याअखेरीस समोरचा आपल्याला झिडकारेल ही त्यांची भीती कमी झाली होती आणि आपल्याला संभाषण जमते हा विश्वास वाढला होता. परक्यांची भीती अशी सरावाने ओसरत असेल आणि जुना मित्रही परक्यासारखाच वाटत असेल, तर तोच उपाय तिथेही लागू पडायला हवा, हा तर्क त्यातूनच निघाला.

२०२४च्या त्या शोधनिबंधातील सातव्या अभ्यासात ॲक्निन आणि सँडस्ट्रॉम यांनी तेच करून पाहिले. काही जणांना आधी तीन मिनिटे सध्याच्या मित्रांना आणि ओळखीच्यांना संदेश पाठवायला सांगितले. उरलेल्यांनी तेवढा वेळ समाजमाध्यमे चाळण्यात घालवली. त्यानंतर दोन्ही गटांना जुन्या मित्राला संदेश लिहिण्याची संधी दिली. समाजमाध्यमे चाळणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांनी संदेश पाठवला. मैफलीआधी गवयाने गळा तापवावा तसा ज्यांचा हात आधीच चालू झाला होता, त्यांच्यापैकी ५३ टक्के लोकांनी पाठवला. मैत्रीचे महत्त्व सांगणारी भाषणे आणि सुविचार आपल्याकडे रोज सकाळी फोनवर येऊन पडतात. त्यांनी जे होत नाही ते तीन मिनिटांच्या साध्या सरावाने काही प्रमाणात झाले, हे मला या संपूर्ण निबंधातील सर्वांत उपयोगी वाक्य वाटते.

संदेश ज्याला मिळतो त्याच्या बाजूने काय घडते, याचे उत्तर पिट्सबर्ग विद्यापीठातील पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या तेरा प्रयोगांत आहे. एकूण ५,९०० हून अधिक लोकांचा सहभाग असलेल्या या प्रयोगांत पाठवणाऱ्याने समोरच्याच्या आनंदाचा अंदाज सातत्याने कमी लावला. पाठवणारा स्वतःच्या शब्दांत, त्यांच्या अवघडलेपणात अडकलेला असतो, तर मिळणाऱ्याचे लक्ष आपली कुणाला तरी अचानक आठवण झाली या आश्चर्याकडे असते. आणि हे आश्चर्य जितके मोठे, तितके कौतुकही अधिक.

या आश्चर्याबाबत मात्र मला आपल्या समाजापुरती एक पुस्ती जोडावीशी वाटते. बऱ्याच वर्षांनी आलेल्या फोनवर आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो “काय रे, सगळं ठीक ना?” किंवा “बोल, काय काम काढलंस?” असा. कारण असा फोन बहुधा लग्नाच्या आमंत्रणाचा, विम्याच्या पॉलिसीचा किंवा कुणीतरी गेल्याचा असतो. म्हणून पहिल्याच वाक्यात “काही काम नाही, सहज केला” हे सांगून टाकलेले बरे.

फोन की संदेश, याचेही एक उत्तर उपलब्ध आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जुन्या मित्राशी ईमेलवरून आणि फोनवरून बोलताना कसे वाटेल, याचा अंदाज लोकांकडून आधी घेतला आणि नंतर त्यांना यांपैकी एक मार्ग चिठ्ठ्या टाकाव्यात तसा नेमून दिला. फोन अवघड जाईल असा बहुतेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात फोनवर बोलणे ईमेलहून अधिक अवघड गेले नाही, आणि जवळीक मात्र आवाजातून जास्त जाणवली.

या साऱ्या संशोधनाला मर्यादा आहेत. सहभागी व्यक्ती प्रामुख्याने पाश्चात्य देशांतील आहेत, आणि संदेश पाठवल्यानंतर मैत्री खरोखर पुन्हा रुजली की दोन उत्तरांनंतर विझली, हे तीन मिनिटांच्या प्रयोगातून कळत नाही. ज्याला आपला संदेश आवडेल असाच मित्र निवडायचा असल्यामुळे भांडून तुटलेली, पैशांवरून किंवा विश्वासघातामुळे संपलेली नाती यातून आपोआपच वगळली गेली आहेत. सर्व जुनी नाती जोडावीत असा अर्थ यातून काढणे चूक ठरेल. काही माणसे आयुष्यातून गेली ते बरेच झाले.

माझे स्वतःचे कुतूहल वेगळ्याच ठिकाणी आहे. आपल्याकडे दहावीच्या बॅचचे व्हॉट्सॲप गट आहेत, त्यात सर्वांचे नंबर आहेत, वाढदिवसाला केकची चित्रे आहेत आणि दर काही वर्षांनी स्नेहमेळाव्याची आखणीही आहे. म्हणजे संपर्क तुटलेला नाही, तरीही त्यातल्या एखाद्याला वेगळे गाठून “कसा आहेस?” असे विचारणे वर्षानुवर्षे घडत नाही. गटात रोज टाकलेला अंगठा हा त्या तीन मिनिटांच्या सरावाचे काम करतो, की समाजमाध्यमे चाळणाऱ्या दुसऱ्या गटात आपल्याला नेऊन बसवतो, हे पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या मानसशास्त्र विभागाने तपासून पाहावे असे मला फार वाटते. त्यासाठी मोठा खर्च नाही आणि सहभागी व्यक्तींचीही वाण पडणार नाही.