लंगोट, कूलर आणि सकाळची गाडी

बाळंतपणाची तारीख मेच्या मध्यावर निघाली तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरोबर उन्हातच गाठलंस." जळगावातला मे बाहेरच्याला सांगून पटत नाही. पारा 44-45 वर, दुपारी बारा ते पाच रस्ते ओस, आणि आमच्या कॉलनीत नळ एक दिवसाआड. त्यात आम्हा दोघांनी ठरवलेलं की बाळाला शक्यतो कापडी लंगोटच वापरायचे, डायपर नाही. गेले काही महिने आमच्या घरात जी काही चर्चा, मोजमाप आणि थोडी भांडणं झाली, ती या एका गोष्टीभोवती.

आम्ही काही फार मोठे पर्यावरणवाले नाही. ओला कचरा गच्चीवरच्या ड्रममध्ये कुजवतो, बाजाराला पिशवी नेतो, आणि नवरा हिवाळ्यात एमआयडीसीत सायकलने जातो. गंमत म्हणजे तो काम करतो प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यात, त्यामुळे घरात प्लास्टिकवर कुणी भाषण ठोकलं की तो शांतपणे म्हणतो, "माझा पगार कशातून येतो ते आधी बघ." मी एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. मला भाषणापेक्षा आकडे बरे वाटतात.

डायपर नको, हे ठरलं ते मात्र आकड्यांमुळे नाही. शेजारच्यांचं बाळ सहा महिन्यांचं आहे. त्यांच्या पिशव्या घंटागाडीवर जातात तेव्हा गाडीवरची ताई त्या हाताने उघडून ओलं-सुकं वेगळं करते. हातमोजे कधी असतात, कधी नसतात. एकदा मी खाली उभी असताना तिने वरूनच हाक मारली, "वहिनी, तुमचं झालं ना मग, ते कागदात गुंडाळून वेगळं द्या बरं का." माझं पोट तेव्हा नुकतंच दिसायला लागलं होतं. नियमही तेच सांगतात. वापरलेले डायपर नीट गुंडाळून द्यायचे, असं 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही होतं. पण गुंडाळलं म्हणून ते संपत नाही. आत ओल शोषणारी रासायनिक पूड, बाहेर प्लास्टिकचा थर आणि मध्ये बाळाची शी. हे ना कुजतं, ना भंगारवाला घेतो.

सासूबाईंचा कापडी लंगोटाला विरोध नव्हता, त्यांची तीन मुलं त्यातच वाढली. त्यांचा प्रश्न पाण्याचा होता, आणि तो खरा होता. नवजात बाळ दिवसात आठ-दहा वेळा तरी लंगोट ओला करतं, साधा पातळ लंगोट असला तर त्याहून जास्त. वर दुपटी, झबली, आपले कपडे. आम्ही बादल्यांनी हिशोब मांडला: आधी खळबळून घ्यायचं पाणी, साबणाचं पाणी, दोनदा स्वच्छ पाणी. काटकसर करूनही रोज चाळीस-पन्नास लिटर लागणार. एक दिवसाआड येणाऱ्या नळावर ते जड जातं, हे मान्य.

मग एका रात्री नवऱ्याने कूलरची टाकी काठोकाठ भरली. साठ लिटरची. सकाळी तळाला जेमतेम पाणी होतं. तेव्हा मार्च अजून सुरूही झाला नव्हता, नुसती चाचणी म्हणून चालवला होता. मेमध्ये हाच कूलर दुपारीही चालतो आणि त्याचं पाणी आम्ही कधी मोजत नाही. सासूबाई टाकीत वाकून बघत म्हणाल्या, "हा मेला तर चार पोरांचं पाणी पितो." त्या दिवसापासून लंगोटाच्या पाण्यावरची चर्चा थांबली आणि कूलरच्या पाण्यावरची सुरू झाली. आता बाळाच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून शेडनेट लावलं आहे, पश्चिमेच्या भिंतीला चुना दिला आहे, आणि कूलर रात्री फक्त पहिले काही तास चालवायचा असं ठरलं आहे. किती पाळलं जाईल ते मे सांगेल.

आकड्यांची हौस म्हणून थोडं वाचलंही. ब्रिटनच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने 2008 मध्ये कापडी आणि डायपर यांची जन्मापासून कचऱ्यापर्यंत तुलना केली होती. निष्कर्ष कुठल्याच बाजूच्या भक्तांना आवडेल असा नव्हता: कापडी चांगला की नाही, हे तो तुम्ही कसा धुता यावर अवलंबून. फार गरम पाणी आणि वीज खाणारा ड्रायर वापरला तर फायदा जवळपास बुडतो. मशीन पूर्ण भरून लावली, दोरीवर वाळवलं आणि तेच कपडे दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडी लंगोटाचा कार्बन एरवीपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी कमी होतो. वाचून आम्ही हसलो. खान्देशात ड्रायर कुणाला हवाय? एप्रिलमध्ये गच्चीवर लंगोट टाकून जिना उतरेपर्यंत तो वाळलेला असतो. दुसऱ्या बाळाचं नंतर बघू.

प्रत्यक्ष तयारी मात्र वाचण्याइतकी सोपी नव्हती. बाजारात मिळणारे रंगीबेरंगी कापडी डायपर बघितले. एकेक पाचशेच्या आसपास, आणि बाहेरचा थर पुन्हा पॉलिएस्टरचाच. रात्रीसाठी आणि बाहेर जाण्यासाठी तसे मोजके घेतले. बाकी सगळं घरात निघालं. आजेसासूबाईंची सुती लुगडी ट्रंकेत होती, सासऱ्यांची दोन धोतरं होती. सासूबाईंनी मला एक चाचणी शिकवली. कापडाचा तुकडा ताटात पसरायचा आणि मध्ये डावभर पाणी ओतायचं. नव्या मलमलीवर पाणी थेंब थेंब होऊन पळालं, कारण त्यात खळ होती. जुन्या धोतराने ते जागच्या जागी पिऊन टाकलं आणि ताट कोरडं राहिलं. नवं कापड चार-पाच वेळा धुतल्याशिवाय बाळाला लावू नये, हे त्यामुळे डोळ्यांनी पटलं. फॅब्रिक कंडिशनर तर अजिबात नाही, त्याचा थर बसला की कापड पाणी घेईनासं होतं.

दुसरी अडचण बोअरची. आमचं बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, आणि त्यात धुतलेले लंगोट वाळल्यावर पापडासारखे कडक होतात. ते कोवळ्या कातडीला लावायचे कसे? शेवटी असं बसवलं: पहिल्यांदा खळबळून घ्यायचं ते बोअरच्या पाण्याने आणि ते पाणी थेट संडासात. साबण आणि शेवटचं पाणी नळाचं. शेवटच्या बादलीत साबण नावापुरताच असतो, म्हणून ती कढीपत्त्याला आणि पपईला. धुण्याचा सोडा घातलेलं पाणी झाडांना घालायचं नाही, त्यातल्या सोडियमने माती बिघडते.

आता खरा प्रश्न. धुणार कोण?

यावर आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं, आणि मला ते व्हायलाच हवं होतं. "आपण कापडी वापरू" या वाक्यातला "आपण" बहुतेक घरांत धुवायच्या वेळी एकटी बाई होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नंदुरबारला. तिथे माझी आई धुणार, इथे आल्यावर सासूबाई, आणि आम्ही दोघं मिळून पृथ्वी वाचवल्याचं समाधान घेणार. मी सरळ सांगितलं, की इथे आल्यावर सकाळची बादली तुझी, नाहीतर मी आत्ताच डायपरची पेटी मागवते. नवरा जरा घुश्श्यात होता. पण दुसऱ्याच रविवारी त्याने सगळे नवे लंगोट स्वतः धुवायला काढले, पिळताना दोन उसवले, आणि दोरीवर असे टाकले की एकावर एक. सासूबाई खालून ओरडल्या, "अरे, ऊन लागू दे त्याला, गंजी लावतोस का!" आता नीट टाकतो. पिळतो मात्र अजूनही जीव खाऊन.

फिरायला जायचंही मनात होतं. बाळ झाल्यावर दोन वर्षं कुठे जाणं नाही, म्हणून मैत्रिणी केरळ सुचवत होत्या, नवऱ्याला तोरणमाळ हवं होतं. सातपुड्यातलं ते ठिकाण मला माहेरच्या जिल्ह्याचं म्हणून जवळचं. यशवंत तलाव, सीताखाई, थंड हवा. डॉक्टरबाईंनी दोन्ही ऐकून घेतलं आणि विचारलं, "रात्री पोटात दुखलं तर तिथून दवाखाना किती तासांवर?" त्या सातपायरी घाटाची वळणं आठवली आणि आम्ही गप्प बसलो. चौथ्या ते सहाव्या महिन्यात प्रवास चालतो, पण लांब गाडी असेल तर दर दोन तासांनी उतरून चालायचं आणि सीटबेल्ट पोटावरून न घेता पोटाखालून घ्यायचा, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं.

शेवटी जानेवारीत एस.टी.ने एरंडोल आणि तिथून रिक्षाने पद्मालय. माझं तिकीट अर्धं. मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना निम्मं भाडं आहे. देवळात शेजारी-शेजारी दोन गणपती, एक डाव्या सोंडेचा, एक उजव्या. समोरच्या तळ्यात कमळं. डबा घरचा, भरीत-पुरी. तासभर पाय पसरून बसलो, संध्याकाळी घरी. केरळचे पैसे वाचले ते खिडकीच्या शेडनेटला आणि भिंतीच्या चुन्याला लागले.

रजेचं गणित मात्र मी चोख मांडलं. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे भरपगारी रजा मिळते, आणि त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे आधी घेता येतात. आधी जितके कमी घेऊ तितके नंतर बाळाजवळ जास्त. शिवाय अकाउंट्सच्या माणसाला मार्च एंड सोडून जाता येत नाही, पोट कितीही पुढे आलं तरी. साहेबांनी खुर्चीला उशी आणून दिली, काम कमी केलं नाही.

डॉक्टरांची अट होती, 36 आठवडे भरायच्या आत माहेर गाठायचं. म्हणून एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात निघाले. भाऊ गाडी घेऊन यायला तयार होता. सासरे म्हणाले, महामार्गावर ट्रकांच्या मागे उन्हात तापत जायचं कशाला. मलाही रेल्वेच हवी होती: उठून चालता येतं, संडास असतो, आणि जळगाव ते नंदुरबार अडीच-तीन तासांचा तर प्रश्न. सकाळची गाडी धरली. धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा करत ऊन चढायच्या आत नंदुरबार. सोबत एक पिशवी लंगोटांची आणि एक फाइल. तिच्यात माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, रक्तगट आणि टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या) इंजेक्शनांच्या नोंदी. माहेरी बाळंत होणाऱ्या कुणालाही एक सांगेन: तिथल्या डॉक्टरांना आधी एकदा दाखवून ठेवा, कळा सुरू झाल्यावर ओळख करून घ्यायला जाऊ नका. मी फेब्रुवारीत आईकडे आले तेव्हाच दाखवून गेले होते. जन्माची नोंदही जिथे बाळ जन्मलं तिथेच होते, 21 दिवसांच्या आत. दवाखान्यातून निघतानाच कागदावरचं नाव आणि पत्ता तपासायचा.

आईकडे पाणी आमच्यापेक्षा बरं आहे. तिची अडचण वेगळी निघाली. ही नंदुरबारची मिरची. वर्षाच्या तिखटाची तयारी गल्लीत सगळ्यांच्या गच्च्यांवर वाळते, आमच्याही. पहिल्याच दिवशी मी लंगोट दोरीवर टाकायला निघाले तर आई जिन्यातच आडवी, "आठे नको वं माय! पोरनं काय व्हई?" खरंच, वारा सुटला की नुसतं उभं राहिलं तरी ठसका लागतो. आता दोरी मागच्या पडवीत बांधली आहे, तिथे सकाळचं ऊन नऊपर्यंत मिळतं. मिरच्या काय आठवडाभरात कुटायला जातील.

परत जाण्याचा बेतही आताच केला आहे. सव्वा महिना झाला की म्हणजे जूनच्या शेवटी, तीच गाडी उलट दिशेने. तोवर पाऊस लागलेला असेल. उन्हाळ्यात पाणी नाही, पावसाळ्यात ऊन नाही, दोन्हीत सापडणार आम्हीच. नवऱ्याने तिकडे आतल्या खोलीत छताखाली दोऱ्या ताणल्या आहेत, फोटो पाठवला. दोऱ्या इतक्या खाली की आपलंच डोकं अडकेल. पंख्याखाली नाही वाळले तर त्या दिवसांपुरते डायपर वापरू, आणि गाडीतही डायपरच घालू. तीन तासांच्या डब्यात ओले लंगोट घेऊन बसण्याची हौस मला नाही. एक छोटं पाकीट आईच्या कपाटात आणून ठेवलं आहे. घंटागाडीवरच्या ताईसाठी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा सासूबाईंनी बाजूला काढला आहे. दोऱ्या वीतभर वर घे, एवढं मी नवऱ्याला आज फोनवर सांगितलं.